दोन एकर जोंधळा आणि गावभरची पाखरं

"बंदूक कोट्ट बंदर," मामी फोनवर म्हणाली. मामा बंदूक देऊन आले. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मामी मराठीवरून कन्नडवर येते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नीट ऐकू लागलो.

आजोबांची ती ठासणीची बंदूक. पुढे परवाना मामांच्या नावावर झाला. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं, पीक संरक्षण. पन्नासेक वर्षं ती माजघरातल्या खुंटीवर होती. आम्हा भाच्यांना तिला हात लावायची परवानगी नव्हती, पण खाली उभं राहून बघायला कुणी हरकत घेत नसे. २०२५ च्या पावसाळ्यात परवान्याची मुदत संपत आली. मामांनी नूतनीकरणाचा अर्ज केलाच नाही. तालुक्याला जाऊन बंदूक रीतसर जमा केली, पावती खिशात घातली आणि संध्याकाळच्या बसने परत आले.

मला वाटलं, आता जोंधळाही जाणार. मामांचं गाव अथणी तालुक्याच्या पूर्वेकडे, जतच्या शिवेकडचं. काळी रानं, पाऊस बेताचा. एके काळी हिंगारीत नजर जाईल तिथवर जोंधळाच असायचा. पाणी आलं तसा ऊस आला, द्राक्षं आली. मामांच्या मुलाने दोन वर्षं धोशा लावला होता, त्या दोन एकरांत ऊस लावू, पाखरांची कटकट तरी जाईल. त्यात बंदूकही गेली. मी मामांना विचारलं, आता राखण कशी करणार? ते म्हणाले, "बंदुकीनं जोंधळा राखला जात असता तर तो कवाच राखला गेला असता."

एवढं एक वाक्य नीट समजून घ्यावं म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकून गावी गेलो.

कावळा न शिवलेलं पान

बंदुकीचा मला प्रत्यक्ष आठवणारा पराक्रम एकच, आणि तो कावळ्यावरचा. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मामांच्या घरामागच्या माळरानाच्या पट्टीत मुंगारीचा भुईमूग होता. भुईमुगाचं आणि कावळ्याचं वैर दोनदा होतं. पेरणीला माणूस पुढे पेरत जातो आणि कावळा मागून दाणे उकरत येतो. पुढे भाद्रपदात शेंगा भरल्या की पुन्हा. चोचीने वेलाशेजारची माती बाजूला करायची, शेंग ओढायची, बांधावर नेऊन फोडायची. खाल्लेल्या शेंगांपेक्षा उघड्या पडून वाया गेलेल्या शेंगा जास्त.

मामांनी त्या सकाळी बार काढला. एक कावळा पडला. तो त्यांनी सुतळीने एका उंच काठीला उलटा टांगला आणि काठी भुईमुगात रोवली. ही रीत अनेक गावांत होती, आमच्याकडेही होती. दहा मिनिटांत गावातले सगळे कावळे गोळा झाले. लिंबाच्या झाडावर जागा उरली नाही. असा कालवा केला, की शेजारच्या घरातली म्हातारी काय झालं म्हणून बाहेर आली. अर्ध्या तासाने सगळे उडून गेले आणि मग त्या बाजूला फिरकलेच नाहीत. मामा खूश.

चौथ्या दिवशी पितृपक्षातली पणजोबांची तिथी होती. आज्जीने सोवळ्यात स्वयंपाक केला, पान वाढून माळवदावर ठेवलं. बारा वाजले, एक वाजला. कावळा येईना. आज्जीने हाका मारल्या, मामीने "का का का" करून पाहिलं, थोरल्या मामांनी राहिलेल्या इच्छा बोलून दाखवल्या: दिव्याचं लावतो, विहिरीचं करतो, धाकटीचं लग्न नीट लावून देतो. कावळा काही येईना. दोन वाजता आज्जीची नजर भुईमुगातल्या काठीकडे गेली. "पितरांच्या पंधरवड्यात कावळा मारून टांगलास व्हय रे? आन आता त्यालाच जेवायला बोलवतोस?" मामांनी मान खाली घातली. शेवटी ते पान गाईला घातलं. आज्जी त्या दिवशी जेवली नाही.

या गोष्टीचं कोडं मला पुष्कळ वर्षांनी उलगडलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी तिकडच्या कावळ्यांवर प्रयोग केले आणि ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मेलेला कावळा दिसला की बाकीचे कावळे जमतात, ओरडतात, आणि नंतर काही दिवस त्या जागी खायला यायला बिचकतात. मेलेला कावळा हातात धरलेल्या माणसाचा चेहराही ते लक्षात ठेवतात. त्यांचा कावळा वेगळ्या जातीचा, पण आज्जीच्या पानाला न शिवलेले कावळे हुबेहूब तसेच वागले होते.

म्हणजे बंदूक चालली की! असं कुणी म्हणेल. चालली, पंधरा दिवस चालली. पण कावळ्याचं तसं का झालं हे पाहिलं पाहिजे. तो गावातच राहतो, माणसं ओळखतो, एकमेकांना ओळखतो, आणि त्याला स्मरणशक्ती आहे. एकाला मारलं तर बाकीचे शिकतात. जोंधळ्यावर उतरणारी पाखरं या शाळेतली नव्हेत.

चिकातला दाणा

आमच्या घरात ज्वारी हा शब्द बाजारापुरता. शेतात तो जोंधळा, मामीचा बिळी जोळ. गावात अजून पेरतात तो मालदांडी, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेला एम ३५-१. नवे वाण किती आले, पण भाकरी मालदांडीचीच म्हणणारी माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जमिनीतल्या ओलीवर पेरायचा. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत कणीस बाहेर पडतं. मग दाण्यात चीक भरतो, मग हुरडा, मग दाणा टणक होतो. पेरल्यापासून चार महिन्यांनी काढणी. या चार महिन्यांतले शेवटचे चाळीस दिवस पाखरांचे.

प्रत्येकाची खायची तऱ्हा वेगळी. चिमणी चिकातला दाणा चोचीत दाबून रस पिते आणि फोलपट तिथेच ठेवते. लांबून कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं की पोकळ. मनोली आणि सुगरण थव्याने येतात. पोपट सगळ्यांत उधळा. कणीस तोडून पायात धरतो, चार दाणे खातो, उरलेलं खाली टाकतो आणि दुसरं तोडतो. मामीच्या भाषेत गिणी म्हणजे श्रीमंताघरचं लाडावलेलं पोर. आणि शेवटी भोरड्या, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या मैना. मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. आभाळात धूर वळावा तसा थवा वळतो आणि एकदम शेतावर पडतो.

आता या थव्यावर ठासणीची बंदूक चालवून बघा. दारू भरा, चिंधी ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, टोपी बसवा. एक बार. थवा उठतो, चार शेतं ओलांडतो. तुम्ही दुसरा बार भरेपर्यंत परत येऊन बसलेला असतो. हजारांतली पाच पाखरं पडली तर उरलेल्यांना त्याचं काही नाही. कझाकस्तानातून आलेल्या पाखराला अथणी तालुक्यातल्या एका बाराची काय दहशत? उलट थव्यावर मारलेले छर्रे कणसांतच घुसतात. मामांनी एकदा मोजून बघितलं होतं. एका बारात तीन पाखरं आणि नऊ कणसं. दुसऱ्या एका वर्षी बंदुकीतून सुटलेली जळती चिंधी शेजारच्या वाळल्या पेंढ्यांवर पडली आणि पोरांनी चादरी ओल्या करून ती आग विझवली. त्यानंतर मामा बहुधा नुसता आवाजाचाच बार काढत. तोही पहिल्या आठवड्यात कामाचा. पुढे पाखरं नुसती मान वर करून बघत.

"मग इतकी वर्षं परवाना कशाला ठेवला?" मी विचारलं.

"बंदूक होती म्हणून राखण होतीया असं वाटायचं," मामा म्हणाले. "आन खरं सांगू का, शोभा होती ती घराची."

परवान्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती पुष्कळ शेतकऱ्यांना माहीत नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, हे खरं. पण बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे पाखरं मारायचा परवाना नव्हे. ते १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ठरवतो. त्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं. यांना मारायला आडकाठी नव्हती. म्हणजे मामांनी टांगलेला कावळा कायद्याने मारलेला होता, पाप काय ते आज्जीच्या हिशेबात. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. आता कुठल्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारने ठराविक भागापुरती, ठराविक काळापुरती अधिसूचना काढावी लागते. २०१५ मध्ये बिहारात नीलगायीसाठी अशी निघाली होती. पोपट संरक्षित आहे. मोर तर राष्ट्रीय पक्षी आणि पहिल्या अनुसूचीतला. त्याला मारलं तर कमीत कमी तीन वर्षांची कैद. एअरगनने मारला म्हणून गुन्हा लहान होत नाही. मिरचीच्या रानात मोरांचा कळप फिरताना बघून ज्याचा जीव जळतो त्या शेतकऱ्याला हे ऐकायला कडू लागेल, पण तुरुंगाची हवा त्याहून कडू. विषाचे दाणे टाकणारे लोकही आहेत. त्या दाण्यांनी पाखरांबरोबर शेजाऱ्याची कोंबडी, कुत्रं, मुंगूस काहीही मरतं, आणि तोही गुन्हाच.

मामीची कवणी

राखण खरी केली ती माळ्याने. शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून, पुरुषभर उंचीचा माळा. मामीच्या माहेरी त्याला मंचिगी म्हणतात. त्यावर बसायचं, हातात गोफण. तिची ती कवणी. गोफण अंबाडीच्या दोरीची, मधे विणलेली झोळी. त्यात दगड नाही घालायचा, तर ओल्या मातीचे उन्हात वाळवलेले गुंडे. दगडाने कणसं मोडतात आणि पुढच्या वर्षी ते वेचत बसावं लागतं. गुंडा फुटून मातीला मिळतो.

मामी आठ वर्षांची असल्यापासून मंचिगीवर बसत होती. बायका आणि पोरीच जास्त बसत, असं ती सांगते. गडी माणसांना एका जागी दम निघत नाही. तिच्या तोंडून ऐकावं म्हणजे राखण हे किती बारकाव्याचं काम आहे ते कळतं. दिवसभर ओरडत बसणारा अडाणी. पाखरं दोन वेळा तुटून पडतात, दिवस उगवल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात ती झाडावर असतात, तेव्हा आपणही भाकरी खावी, गोधडी शिवावी. थवा बसल्यावर उठवण्यापेक्षा बसायच्या आधी वळवणं सोपं. एकदा दाण्याची चव लागली की पाखरू हट्टाला पेटतं. म्हणून पहिली टेहळणी करणारी चार पाखरं येतात त्यांनाच टिकू द्यायचं नाही. गोफणीचा नेम पाखरावर नसतो, तर थव्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर. आणि गुंडा सुटताना दोरीचा जो फटकारा होतो त्याचं काम गुंड्यापेक्षा जास्त. बांधाकडच्या, झाडाखालच्या आणि तारेखालच्या ओळींवर लक्ष जास्त ठेवायचं, कारण पाखरू तिथूनच सुरुवात करतं. आवाज रोज बदलायचा. आज डबा, उद्या गोफण, परवा नुसती हाक. बुजगावण्याचा सदराही दोन दिवसांनी बदलायचा आणि जागाही.

"आमची पाखरं हुसकली की ती कुठं जायची?" हा प्रश्न मी लहानपणी विचारला नव्हता. आता विचारला. मामी हसली. "मुंदिन होलक्क," म्हणाली. पुढच्या शेताला. मग तिथली पोर तिच्या मंचिगीवरून उठवायची, ती त्याच्या पुढच्या शेताला. असं करत करत थवा गावाच्या शिवेबाहेर, ओढ्याच्या बाभळीत. म्हणजे एकेकट्या माळ्याला अर्थ नव्हता. सगळ्या शिवारात माळे होते म्हणून प्रत्येक माळा चालत होता. तुकोबांना कुणी राखणीला बसवलं आणि त्यांनी पाखरांना मनसोक्त खाऊ दिलं, तरी रास भरभरून झाली, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मामी म्हणते, बाकीच्या शेतांवर माणसं बसली असणार. (देवाधर्माच्या बाबतीत मामी एवढी कोरडी बोलत नाही. राखणीच्या बाबतीत बोलते.)

मला वाटतं, मामांच्या वाक्याचं उत्तर इथे आहे. १९७० च्या सुमारास भारतात १ कोटी ७० लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आता ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास आली आहे. आमच्या गावात तर घसरण याहून मोठी. समजा, हजार पाखरं आहेत आणि जोंधळा दोनशे एकर. एकरी पाच पाखरं. तेवढं पाखरांचं म्हणून कुणी सोडूनही देईल. तीच हजार पाखरं दोन एकरांवर आली की एकरी पाचशे. उसात आणि द्राक्षात त्यांना दाणा नाही, पण रात्रीला बसायला ऊस आयता. पाखरं वाढली असं सगळे म्हणतात. माझ्या मते पाखरांपेक्षा जोंधळा कमी झाला हे जास्त खरं. आणि शेवटच्या जोंधळेवाल्याने बंदूक घेतली काय, तोफ आणली काय, या गणितात फरक पडत नाही.

त्याच पाखरांना आवतण

एवढ्यावर पाखरं शत्रू ठरवावीत तर मामांच्याच दुसऱ्या तुकड्यात वेगळं चित्र. जोंधळ्याला लागून एकरभर हरभरा. त्यात मामांनी जागोजागी पक्षीथांबे रोवलेले. काठीला आडवी काठी बांधून केलेले, पाखरांना बसायला. घाटेअळी वेचून खाणारे कोतवाल आणि मैना तिथे हव्या असतात. काही शेतकरी हरभऱ्यात जोंधळ्याचे चार दाणे मुद्दाम पेरतात, कणसाला पाखरू यावं म्हणून. काही जण ओळींत चुरमुरे उधळतात. चुरमुऱ्याला आलेली मैना अळीही टिपते. म्हणजे बांधाच्या या बाजूला हाकारे आणि त्या बाजूला आवतण, तेही एकाच सकाळी, एकाच पाखराला. आणि दाणे खाणारी चिमणीही पिल्लांना भरवते त्या अळ्या आणि किडेच. चीनमध्ये १९५८ पासून धान्य वाचवायला चिमण्या मारायची मोहीम निघाली होती. किडी माजल्या आणि १९६० मध्ये चिमणीचं नाव यादीतून काढून ढेकणाचं घालावं लागलं. त्या देशात तेव्हा जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणं अनेक होती, हेही त्यातलं एक.

मामांनी बंदुकीऐवजी काय काय करून पाहिलं त्याचं प्रदर्शन बांधावर आहे. जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधलेली, वाऱ्यावर गुणगुणते. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी चमकणारी फीतही आहे. ती कृषी खात्याच्या मेळाव्यात मिळाली. ती जरा पीळ देऊन, कणसांच्या वर हातभर, काठ्यांना ताणून बांधायची. उन्हात चमकते आणि वाऱ्यात आवाज करते. दोघं मिळून आठ-पंधरा दिवस चांगले निघतात. लाल, तुरट दाण्याच्या ज्वारीला पाखरं कमी लागतात हेही खरं, पण त्या तुरटपणाची भाकरी मामी ताटात वाढणार नाही आणि मामा खाणार नाहीत.

एका वस्तूबद्दल मात्र घरातल्या मोठ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. पीव्हीसी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून मोठा बार काढणारी देशी बंदूक बाजारात सहज मिळते, पोरं घरीही करतात. पाखरं आणि माकडं हुसकायला ती शेतात आली आणि शेतातून पोरांच्या हातात गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये आणि आसपासच्या जिल्ह्यांत अनेक मुलांच्या डोळ्यांना तिने गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली. बार झाला नाही म्हणून पोर नळीत डोकावतं आणि त्याच क्षणी बार होतो. मामांच्या नातवानेही एक केली होती. मामीने ती विहिरीत टाकली.

चाळीस दिवसांची मजुरी

रात्री जेवताना मामांनी वहीच काढली. दोन एकरांत कोरडवाहू जोंधळा, बरं वर्ष असेल तर आठ क्विंटल. २०२५-२६ साठी मालदांडीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे तीस हजारांच्या आत-बाहेर. वर कडबा, आणि गोठ्यात जनावर असलेल्या घराला कडबा म्हणजे अर्धा जोंधळा. आता राखण. रोजाने बाई लावली तर दिवसाला साडेतीनशे, चाळीस दिवसांचे चौदा हजार. दाण्याच्या जवळजवळ निम्मे पैसे राखणीला. आणि राखण केलीच नाही तर काय होतं तेही वहीत होतं. २०२३ ची रास: दोन क्विंटल आणि काही पायल्या. त्या वर्षी मामीचा गुडघा दुखत होता आणि माळा रिकामा राहिला. बंदूक खुंटीवर होती.

पूर्वी हे पैसे वहीत येत नव्हते, कारण माळ्यावर घरच्या पोरी बसत. त्या आता शाळेत आहेत, कॉलेजात आहेत, आणि तिथेच असाव्यात. मामीला कुणी शाळेत घातलं नाही. तिची शाळा मंचिगीवर गेली, असं ती स्वतः म्हणते, आणि म्हणताना हसत नाही. म्हणून मला जुन्या राखणीचं उगाच कौतुक करवत नाही.

तरी मामांनी ऊस लावला नाही. पेरणीच्या आधी, बंदूक जमा करून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, ते चार घरी गेले. दोन मराठी घरं, दोन लिंगायत घरं, सगळ्यांची रानं एकाला एक लागून. भाकरीपुरता जोंधळा प्रत्येकाला हवा होता, पण पाखरांच्या भीतीने कुणी पेरत नव्हतं. मामांनी एकच मागितलं. पेरायचा तर सगळ्यांनी पेरायचा, एकाच आठवड्यात पेरायचा, एकच वाण पेरायचा. म्हणजे एकाच वेळी निसवेल, एकाच वेळी काढणीला येईल, आणि मागं राहिलेल्या एका शेतावर सगळा थवा पडणार नाही. राखण पाळीने. पाच घरांत मिळून अकरा एकर, दोन माळे. रोज दोन घरांची पाळी, सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात ज्याने त्याने आपलं काम करावं. चौघांतला एक म्हणाला, बंदूक असती तर बरं झालं असतं. मामा म्हणाले, "व्हती तवा तुझ्या रानात येऊन बार काढला असता तर चाललं असतं का तुला?" तो गप्प बसला.

ही व्यवस्था टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. पहिल्याच पंधरवड्यात एका घरातलं लग्न निघालं आणि पाळ्या उलट्यापालट्या झाल्या. एका दिवशी दोन्ही माळे सकाळी नऊपर्यंत रिकामे होते आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यातल्या सात-आठ ओळी पोपटांनी साफ केल्या. त्यावरून बोलाचाली झाली, आधी मराठीत आणि मग, ती वाढल्यावर, कन्नडमध्ये.

मी परत निघालो तो दिवस येळ्ळ अमावास्येचा होता. पलीकडे जत-सोलापुराकडे तीच वेळ अमावास्या. पाची घरची माणसं जोंधळ्यात जमली होती. भज्जी, कडबू, बाजरीचे उंडे, शेंगाची चटणी. दाण्यात नुकता चीक भरत होता. मामीने परातीतला चरग घेतला आणि उभ्या पिकात चारी दिशांना उधळत चालली. भूमीला, पितरांना, किड्यामुंगीला, हक्कीला. तिच्या मागून मामा, खांद्यावर गोफण. मामी हक्कीचं नाव घेऊन बांधाच्या कोपऱ्यावर थांबली, तोच ओढ्याच्या बाभळीतून एक लहानसा थवा उठला.

"बंदाव री," मामी म्हणाली. मामांनी झोळीत गुंडा घातला.